गाळलेला थांबा

ऑफिसात तिला सगळे झटपट म्हणायचे. तिला चांगलं, आईनं हौसेनं ठेवलेलं नाव होतं, पण ते पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं. काम हातात पडायचा अवकाश, पोरगी ते उरकून मोकळी. बाकीचे अजून खुर्ची पुढे ओढतायत आणि हिचं आपलं, "झालं माझं!" तर ह्या झटपटनं एका दुपारी अडीच तासांत एकशे सत्त्याऐंशी चौकोन भरले, आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

चौकोन कसले, ते आधी ऐका. यांच्या कंपनीनं एका हॉस्पिटलसाठी ॲप बनवलं होतं. ज्यांची मूत्रपिंडं काम करत नाहीत, त्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनवर झोपून रक्त साफ करून घ्यावं लागतं. प्रत्येकाची पाळी ठरलेली, तरी त्या मशीनची वेळ दर खेपेला ह्या ॲपवरून पक्की करायची. आता ह्या पेशंटांपैकी कितीतरी जणांची साखरेनं नजरही गेलेली असते. मग ते ॲप कसं वापरतात? तर फोन बोलतो. बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट येते, फोन तिचं नाव सांगतो, हवी असेल तर दोनदा टकटक करायचं. पण फोनला नाव कुठून कळणार? ते बनवणाऱ्यानं लिहून ठेवावं लागतं. प्रत्येक चित्रामागे, प्रत्येक बटणामागे एक चौकोन असतो. त्यात लिहिलेलं डोळसांना कधीच दिसत नाही. फोन ते फक्त बोलतो.

आणि ह्यांच्या ॲपमधले सगळे चौकोन रिकामे होते. फोन नुसता "बटण, चित्र, बटण, बटण" करत बसायचा.

हॉस्पिटलनं सांगितलं, संध्याकाळपर्यंत तपासणीचा दाखला द्या, नाहीतर पुढचं काम दुसऱ्याला. तपासणी करणारं काय, तर एक प्रोग्रॅम. आणि त्या शहाण्याला एवढंच कळायचं, चौकोन रिकामा आहे की भरलेला. आत काय लिहिलंय हे बघायची त्याची पोच नव्हती.

"म्हणजे काहीही लिहिलं तरी चालेल?" शेजारच्या टेबलावरच्या डिझायनरनं विचारलं.

"चालेल काय, धावेल!" झटपट म्हणाली आणि बसली.

पहिले दहा-बारा चौकोन तिनं नीट भरले, बरं का. मग पहिल्या पानावर मोठ्या डॉक्टरांचा फोटो आला, पोटावर हात ठेवून हसणारे. तिनं लिहिलं, 'ढेरपोट्या हसतोय'. डिझायनर एवढा हसला की चहा नाकातून आला. झालं! मग काय, आपल्या विनोदावर कुणी हसलं की माणसाचं जे होतं तेच तिचं झालं. हातात ताप मोजायची नळी धरलेली नर्स होती, 'ही बया'. चाकांच्या खुर्चीतल्या आजी, 'म्हातारीची गाडी'. तारखांचं पान, 'कंटाळा'. वेळ पक्की करायचं बटण, 'दाब एकदाचं'. रद्द करायचं बटण, 'नको बाई'. दोन्हींनंतर 'नक्की ना?' असं विचारणारं जे येतं, तिथे 'हो गं हो'. आणि मदत मागायच्या पानावर काळा चष्मा घातलेल्या, हातात पांढरी काठी असलेल्या माणसाचा फोटो होता. तिथे तिनं लिहिलं, 'गॉगलवाला हिरो'.

सहाला पाच कमी असताना प्रोग्रॅमनं शंभरपैकी शंभर दिले. दुसऱ्या दिवशी केक कापला. टीमच्या प्रमुख, त्यांना सगळे ताई म्हणत, ताईंनी तिच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, "बघा रे, हिच्याकडून शिका." आणि ती खुशाल केक खात उभी राहिली. नंतर कधीतरी बदलू, असं ठरवलं होतं तिनं. ते नंतर सहा महिने आलं नाही.

सहा महिन्यांनी ताईंना हॉस्पिटलमध्ये काही काम निघालं. "चल गं, तूही बघ आपलं ॲप कुठे वापरतात ते," म्हणून झटपटला बरोबर नेलं. ताई आत मोठ्या सिस्टरांशी बोलत बसल्या आणि ही बाहेर, भिंतीला लावलेल्या लोखंडी खुर्च्यांवर. फिनेलचा वास, काचेपलीकडे मशीनची घरघर, एक ट्यूबलाइट फडफडत होती. शेजारी एक साठीतल्या बाई बसल्या होत्या. डोळे उघडे, पण कुठेच न बघणारे. हाताच्या शिरेवर जुन्या सुयांच्या गाठी. एका कानात इअरफोन, दुसरा खाली लोंबकळत होता आणि त्यातून चिमणीसारखं चिवचिवत काहीतरी चाललं होतं, भलत्याच वेगात. आणि बाई त्याच्याबरोबर पुटपुटत होत्या, तालात, मान हलवत.

"ढेरपोट्या... ही बया... म्हातारीची गाडी... कंटाळा... दाब एकदाचं. हं, दाबलं बाबा."

झटपटच्या कानाच्या पाळ्या अशा तापल्या, की वाटलं शेजारणीला धग लागेल.

"काकू," ती म्हणाली, तिचाच आवाज तिला ओळखू येईना, "हे... हे काय म्हणत होतात?"

"थांबे!" काकू म्हणाल्या. "मी बसमध्ये कंडक्टर होते गं, एकतीस वर्षं. डोळे गेले पण सवय जाते थोडीच? ह्या ॲपमध्ये कुठे काय आहे ते सगळं मी थांब्यांसारखं पाठ केलंय. ऐक." आणि त्यांनी घसा खाकरून, अख्खी खोली वळून बघेल अशा आवाजात पुकारा केला, "ढेरपोट्याऽऽ! उजवीकडे चार! ही बया, म्हातारीची गाडी, कंटाळा, दाब एकदाचंऽऽ! दोन टकटक! पुढे हो गं होऽऽ, दोन टकटक, चला उतरा! असं रेकॉर्ड करून आमच्या ग्रुपवर टाकलंय. अकरा जण आहोत आम्ही न दिसणारे. सगळे माझ्याच गाडीनं जातात."

पलीकडच्या खुर्चीवरचे एक आजोबा हसले. झटपटलाही हसावं लागलं. रडू आलेल्या माणसाला फोटोसाठी हस म्हटल्यावर तो जसा हसतो, तशी.

"पण काकू, नावं अशी कशी?"

"आता कशी!" काकूंचा आवाज जरा उतरला. "कुणीतरी बसून थट्टा केलीय आमची. ह्यांना काय दिसणार आणि काय कळणार, असं वाटलं असेल. पहिल्यांदा ऐकलं ना, तेव्हा दोन दिवस मी फोन हातात घेतला नाही. मुलीला तर सांगितलंच नाही, ती भांडायला आली असती. पण आधी नुसतं बटण-बटण म्हणायचं, ते काय कामाचं? ढेरपोट्या तर ढेरपोट्या. वाईट का होईना, नाव आहे." मग त्यांनी मान तिच्या दिशेनं वळवली. "तू कोण गं? आवाज नवा आहे."

आता ऐका, इथे तिला सांगता आलं असतं. एक वाक्य. मीच ती. आणि ती म्हणाली, "माझी मावशी आहे आत. तिच्यासोबत आलेय."

"हो का. देव बरं करो तिला," काकू म्हणाल्या, आणि पिशवीतून एक लिमलेटची गोळी काढून तिच्या हातावर ठेवली.

ती गोळी तिनं घरी नेली. खाल्ली नाही, टाकलीही नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, पोरीला बसमध्ये प्रत्येक माणूस आपल्याकडेच बघतोय असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ती सकाळी सातला ऑफिसात. कुणी यायच्या आत कामाला बसली. झटपट नाही, एकेक चौकोन वाचून. ढेरपोट्या गेला, 'मोठे डॉक्टर' आले. 'दाब एकदाचं' जाऊन 'वेळ पक्की करा'. 'नको बाई' जाऊन 'वेळ रद्द करा'. 'गॉगलवाला हिरो' पुसून 'अंध व्यक्ती, काठीसह'. शिवाय तिनं नियमांचं पुस्तकही वाचलं, जे सहा महिन्यांपूर्वीच वाचायला हवं होतं. त्यात लिहिलं होतं, की नुसत्या शोभेच्या चित्रांवर फोन थांबायलाच नको, उगाच वेळ जातो. म्हणून 'ही बया' आणि 'म्हातारीची गाडी' तिनं वाटेतून काढूनच टाकली. सगळं अगदी पुस्तकाप्रमाणे. बदलांच्या नोंदीत एकच ओळ लिहिली, 'किरकोळ सुधारणा'. ताईंना काही नाही, डिझायनरला काही नाही, काकूंना तर नाहीच. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि काय हलकं वाटलं म्हणून सांगू तिला! तीन दिवस गुणगुणत होती.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मोठ्या सिस्टरांचा फोन आला. ताईंनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. "अहो, तुमच्या ॲपनं काय घोळ घातलाय? चार पेशंटांच्या वेळा रद्द झाल्यात. चौघंही न दिसणारे. तिघांना दुपारी कसंबसं घुसवलं. पण त्या कंडक्टरबाई सकाळी सहाला येऊन बसल्या आणि त्यांची मशीन दुसऱ्याला गेलेली. संध्याकाळपर्यंत बसून होत्या, पाय सुजून हे एवढे, श्वास लागलेला. शेवटी मशीनच मिळाली नाही, उद्यावर ढकललं."

झटपट मनातल्या मनात थांबे मोजायला लागली.

आणि तिला त्या क्षणी सगळं कळलं. 'ढेरपोट्यापासून उजवीकडे चार.' वाटेतली दोन चित्रं तिनं काढली. म्हणजे आता दोनवरच 'वेळ पक्की करा' येतं, पुढचा थांबा 'वेळ रद्द करा', आणि त्याच्यापुढे त्या पानावर काही नाहीच. चारदा बोट सरकवलं की माणूस तिथेच जाऊन अडतो. आणि बोटं काही ऐकत बसत नाहीत, त्यांना सवय असते. दोन टकटक. नक्की ना? दोन टकटक. चला, उतरा.

"आणि आमचा नियम आहे," सिस्टर सांगत होत्या, "पेशंटनं स्वतःहून वेळ रद्द केली तर त्याची कायमची पाळी यादीतल्या पुढच्याला जाते. चौदा जण रांगेत आहेत हो. ह्या बाईंची सकाळची पहिली पाळी होती, मुलगी कामावर जाताना सोडून जायची. दुपारची पाळी घेतली तर त्यांना आणणार कोण? ॲपची चूक असेल तर तसं लिहून द्या, मी पाळी परत देते. नाहीतर माझे हात बांधलेले आहेत. उद्या दुपारपर्यंत कळवा."

ताईंनी फोन ठेवला. "कुणी काही बदललंय?"

डिझायनरनं नाही म्हणून मान हलवली. झटपटनंही हलवली. हलवली हो! नोंद उघडून ताईंनी वाचलं, "किरकोळ सुधारणा. झटपट, हे काय?"

"काही नाही, नावं जरा... नीट केली. चाचणी शंभर टक्के पास आहे."

"मग काय," ताई टाइप करायला लागल्या. "बटणावर रद्द करा असं स्वच्छ लिहिलंय, तरी दाबलं. वापरकर्त्याची चूक. उद्या सकाळी पुन्हा एकदा वाचून पाठवते."

वापरकर्त्याची चूक. पोरगी तशीच बसून राहिली. जिभेला हाड नसतं म्हणतात, पण त्या दिवशी तिची जीभ कुणी खिळा ठोकून बसवल्यासारखी झाली होती.

घरी आली तर आई अंगणात पाटी रंगवत होती. आईचा धंदाच तो, दुकानांच्या पाट्या रंगवायचा. नखांत कायम कुठला ना कुठला रंग. कुलूप-किल्लीवाल्याची पाटी होती, तो समोरच्या गल्लीत दुकान हलवत होता.

"जुनी पाटी काढायला निघाला होता शहाणा," आई ब्रशवरून नजर न काढता म्हणाली. "म्हटलं, महिनाभर राहू दे, तिच्यावर बाण काढून देते. लोक काय पाटी वाचत येतात? पायांना सवय असते. एकदम काढलीस तर गिऱ्हाईक बंद दारावर टकटक करत बसेल." मग तिनं वर बघितलं. "काय गं, चेहरा का असा?"

आणि मग पोरीनं पायरीवर बसून सगळं सांगितलं. म्हणजे सगळं नाही.

"काय काय लिहिलं होतंस?" आईनं विचारलं.

"ढेरपोट्या... ही बया..." तिसरं 'म्हातारीची गाडी' ती इतक्या हळू म्हणाली की आईला पुन्हा विचारावं लागलं. काळ्या चष्मेवाल्याचं चौथं नाव तिला म्हणताच आलं नाही.

आईनं ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात बुडवला. अजून अर्धी पाटी बाकी होती, ब्रशला रंग होता, तरी बुडवला आणि घुसळत बसली.

"भिंतीवर लिहिलं असतंस हे? चौकात?"

"नाही."

"मग?"

बस, एवढंच. जेवणं झाली आणि आई उरलेली पाटी पुरी करायला बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं असं पोरीला वाटत राहिलं.

सकाळी ताई ऑफिसात शिरल्या तर झटपट त्यांच्या टेबलाशी उभी. "ताई, ते पत्र पाठवू नका. चूक माझी आहे." आणि काकूंच्या अकरा जणांच्या ग्रुपपासून सगळं सांगून जुन्या नावांची यादी तिनं पुढे ठेवली, छापून, एकशे सत्त्याऐंशी ओळी.

ताई वाचायला लागल्या. पहिल्या पानावर त्यांच्या कपाळाला आठी पडली. दुसऱ्या पानावर त्यांनी चष्मा काढला. "मी ह्याच्यावर केक कापला," त्या म्हणाल्या. "माझ्या सहीनं दाखला गेलाय हा. मी एक ओळसुद्धा वाचली नाही." मग त्यांनी आधीचं पत्र पुसून नवं लिहिलं. आमची चूक. न सांगता बदल केला. पेशंटांचा काहीही दोष नाही. "हे मी पाठवते. पण अकरा जणांना सांगायला मी येणार नाही. तू जा. एकटी."

"सगळी नावं सांगू त्यांना?"

"मला विचारतेस? लिहिताना विचारलं होतंस?"

गेली बिचारी. बिचारी कसली म्हणा! पण पाय ओढत गेली. काकू आज मशीनवर होत्या, काल चुकलेलं आज. हातातून दोन नळ्या निघालेल्या, लालभडक, आणि पाय अजून उशीवर वर ठेवलेले. सुजेनं पैंजणांचे वळ उमटले होते.

"काकू."

काकूंनी मान वळवली. "अगं, मावशीवाली ना? कशी आहे मावशी?"

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते तिला तेव्हा कळलं. "मावशी नाहीये, काकू. मी खोटं बोलले. ती नावं मी ठेवली होती. आणि चार दिवसांपूर्वी मीच बदलली, कुणाला न सांगता. तुमची मशीन माझ्यामुळे गेली."

मशीन आपली घरघरत राहिली. तिच्या पडद्यावरचा आकडा दोनदा बदलला.

"फोन काहीतरी नवीन बोलला होता खरा," शेवटी काकू म्हणाल्या. "पण बोट पुढे गेलं होतं. मला वाटलं, मीच चुकले. मुलगी म्हणाली, आई, आता तुला नाही जमणार, फोन माझ्याकडे दे. काल काढून घेतला तिनं. आज भांडून परत आणलाय." त्यांनी एक श्वास घेतला. "पाळी?"

"परत मिळतेय. सोमवारपासून. ताईंनी पत्र दिलंय, सिस्टर हो म्हणाल्या."

"आणि माझ्या अकरा जणांचं काय? सगळे कालपासून फोनला हात लावायला घाबरतायत. माझी गाडी बंद पडलीय."

"मी नवीन थांबे रेकॉर्ड करून देते, काकू. जुनं नाव आणि त्याचं नवं नाव, दोन्ही, ओळीनं. म्हणजे कुणी चुकणार नाही. आणि यापुढे तुम्ही सगळे सांगाल तोवर मी काहीही काढणार नाही."

"तुझ्या आवाजात?"

"तुम्ही केलंत तर..."

"मी का करू?" काकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "ती नावं सहा महिने मी माझ्या तोंडानं घेतली. आता तू घे. इथेच. मला ऐकू दे."

आणि झटपटनं, त्या खोलीत, आठ पेशंट झोपलेले, दोन नर्स उभ्या, ह्या सगळ्यांसमोर फोन तोंडाशी धरला. जुना थांबा ढेरपोट्या, नवा थांबा मोठे डॉक्टर. एक नर्स फिसकन हसली. जुना थांबा ही बया, आता तिथे गाडी थांबत नाही. हसणारी नर्स गप्प झाली. जुना थांबा म्हातारीची गाडी. कोपऱ्यात खरोखर एक म्हातारी होती, चाकांच्या खुर्चीतून आणलेली. तिनं डोळे उघडून हिच्याकडे बघितलं, नुसतं बघितलं. जुना थांबा कंटाळा. जुना थांबा दाब एकदाचं. नावं संपता संपेनात. लिहिताना अडीच तास लागले होते, तेव्हा तिला ते थोडे वाटले होते. ती मदतीच्या पानाशी आली. तिथे एक फोटो होता. तिनं श्वास घेतला आणि त्याच्या पुढचं बटण वाचलं.

"एक थांबा गाळलास," काकू म्हणाल्या.

"काकू..."

"एकतीस वर्षांत मी कधी थांबा गाळला नाही. तिथे माणूस उभा असतो. बोल."

"जुना थांबा," झटपट म्हणाली, "गॉगलवाला हिरो."

"काय?" चौथ्या पलंगावरून कुणीतरी म्हटलं. तिशीतला पुरुष होता, काळा चष्मा, पलंगाला टेकवून ठेवलेली काठी. "मला बोलावलं का कुणी?"

"हा आमचा हिरो," काकू म्हणाल्या. "ग्रुपमध्ये सगळ्यांनी त्याला तेच नाव लावलं. जा, विचार त्याला, नवं काय लिहायचं ते."

ती गेली. गेली म्हणजे, सहा पावलं होती, पण तिला ती मोजावी लागली. "दादा, मी... ते नाव मी लिहिलं होतं."

"अच्छा, ती तू!" तो म्हणाला. हसला, पण पुरता नाही. "सहा महिने हिरो म्हणून घेतोय. आईला वाटतं, किती लाडका आहे माझा मुलगा. तिला अजून सांगितलं नाही, हे कुठून आलं ते." मग थोडा थांबून, "आता काय लिहिलंयस?"

"अंध व्यक्ती, काठीसह."

"हं. ते मीही आहे. आणि तो काय करतोय?"

"कोण?"

"फोटोतला. काठी घेऊन नुसता उभा आहे का? बसलाय? कुणाची वाट बघतोय? मला कसं कळणार? सांग ना."

त्या फोटोचं नाव झटपटनं दोनदा भरलं होतं, एकदा हसत, एकदा नियमाचं पुस्तक उघडून. आणि तो माणूस काय करतोय हे तिला माहीत नव्हतं. फोन हातातच होता तिच्या. तिनं ते पान उघडलं. बोटांनी चित्र मोठं केलं.

"उभा आहे," ती म्हणाली. "एका दाराशी. एक हात कडीवर आहे. आत जायला निघालाय, पण मान मागे वळवलीय, मागून कुणीतरी काहीतरी बोललंय बहुतेक. हसतोय. शर्ट चौकड्यांचा आहे, निळा. खिशाला दोन पेनं."

"दोन? मास्तर असेल."

"असेल. आणि..." ती थांबली, डोळे पुसून पुन्हा बघितलं. "त्याच्या उजव्या बुटाची लेस सुटलीय."

"सुटलीय?" तो पलंगावर थोडा उठून बसला. "पडेल ना तो. कुणी सांगितलं नाही त्याला?"

झटपट त्या लेसकडे बघत राहिली.

"नाही," ती म्हणाली. "कुणी बघितलंच नाही."

रेकॉर्डिंग अजून चालूच होतं. पलीकडून काकूंनी हात वर केला, नळ्या सांभाळत, आणि बोटानं हवेत दोन टकटक केलं. पुढे चल.